आदल्या दिवशीचे भोयर सर

भोयर सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं: "मॅडम, दोन मिनिटं मरता का? उजेड जाऊन राह्यला."

मी कॉलेजात वाणिज्य शाखेला हिशेबशास्त्र शिकवते. त्या दिवशी हजेरीपट घेऊन मागच्या आवारातून घाईने चालले होते. कडुलिंबाखाली एक बाज टाकलेली, भोवती पाचसहा पोरं-पोरी कागद घेऊन उभी, आणि मध्ये एक उंच, वाळका माणूस. काखेत छत्री. मार्च महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही. एका विद्यार्थ्याने योजलेल्या फिल्ममध्ये आजी संध्याकाळच्या उजेडात बाजेवर प्राण सोडते आणि तो उजेड आजीच्या तोंडावर नेमका कुठून येईल, हे त्यांना बघायचं होतं.

"मग आजीलाच आणा की," मी म्हटलं.

"आजी आर्वीले हाय. अन् चांगली खुटखुटीत हाय. तिले काऊन तरास द्याचा? तुमची उंची बरोबर हाय."

वाद घालण्यापेक्षा मरणं लवकर उरकेल असा हिशेब करून मी बाजेवर आडवी झाले. पण मेल्यावरही ते सोडेनात. "डोळे मिटा. हां. डावीकडे सरका थोडं. तोंडावर उजेड नाई येऊन राह्यला." मी सरकले. "अजून थोडं. बस. आता हालू नका, तुमी मेल्या हाय."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे काय काय झाले ते सांगत बसले तर दिवस जाईल. नवरी झाले, तलाठी झाले, एकदा विहीर झाले. ज्याचं चित्रीकरण व्हायचं आहे त्याच्या जागी आधी कुणाला तरी उभं करून बघायचं, ही त्यांची पद्धत. समोर जो येईल तो. एकदा प्राचार्य व्हरांड्यातून जात होते, त्यांना बैल केलं.

"भोयर, मी प्राचार्य आहे," ते म्हणाले.

"हो सर, म्हणूनच. बैल मोठा पाह्यजे."

प्राचार्य उभे राहिले. भोयर सरांपुढे माणूस का उभा राहतो हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा ते इतके अस्वस्थ असत की त्यांचं काम झाल्याशिवाय आपल्यालाही चैन पडत नसे.

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात तेव्हा माध्यमांची पदविका नुकती सुरू झाली होती. कॅमेरा एकच. तो प्राचार्यांच्या कपाटात कुलपात, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी जवळजवळ तितकीच जवळ. म्हणून पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी फिल्म करायची नाही, फक्त तिची पूर्वतयारी करायची असं ठरलं. विषय शोधायचा, जागा बघायच्या, पटकथा लिहायची, प्रत्येक दृश्याचं चित्र चौकटीत काढायचं, वेळापत्रक आखायचं, परवानग्या घ्यायच्या. सगळ्यात शेवटी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन लिहायचं. प्रत्यक्ष फिल्म दुसऱ्या वर्षी. पण दुसऱ्या वर्षापर्यंत पोरं नोकरीला लागत किंवा पोरींची लग्नं होत, त्यामुळे दुसरं वर्ष कधी नीट भरलंच नाही. आमच्या कॉलेजात कितीतरी वर्षं फिल्मा ठरल्या. झाली एकही नाही.

या कामाला भोयर सरांइतका योग्य माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. आधी ते नागपूरच्या एका शेतीविषयक माहितीपट काढणाऱ्या युनिटमध्ये होते. त्यांचं काम रेकीचं, म्हणजे चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी गावात जाऊन जागा पाहून ठेवण्याचं. ऊन कुठून येतं, वीज कधी जाते, कुठल्या घरचं कुत्रं भुंकतं, सरपंच कधी जागेवर असतो. दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी कॅमेरा घेऊन येत, तोवर यांची रवानगी पुढच्या गावाला झालेली.

"म्हणजे तुम्ही शूटिंग पाहिलंच नाही?" मी एकदा विचारलं.

"नाई ना. म्या जागा सोडली का दुसऱ्या दिवशी शूटिंग. आयुष्यभर असंच चाललं."

हे सांगतानाही ते बसलेले नव्हते. भोयर सर बसत नसत. चहा उभ्याने, डबा उभ्याने, पेपर तपासणं फेऱ्या मारत. खिशात किल्ल्यांचा जुडगा, तो सतत वाजत असे. वर्गात काय, स्टाफरूममध्ये काय, त्यांचा एकच प्रश्न. कुणी काहीही ठरवलं की मान तिरकी करून विचारणार: "अन् नाई झालं तं?"

कर्ज घेऊन घर बांधायला निघालेल्या ग्रंथपालाला विचारलं. साखरपुड्याचे पेढे वाटणाऱ्या पोरीलाही विचारलं. ती रडली. यांना कळेना ती का रडते. "प्रश्न साधा होता," मला म्हणाले.

शेजारी म्हणून मी त्यांची रेकी घरीदारी पाहिली. आमची घरं भिंतीला भिंत लागून. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन ते प्रत्येक खोलीतल्या खाटेवर झोपून आले. "तीन नंबरचा पंखा आवाज करते. मले दुसरी खोली द्या." स्टाफची सहल केळझरच्या गणपतीला निघायची होती, तर हे आदल्या दिवशी एकटे जाऊन आले आणि आम्हाला सांगितलं, जेवायला मागच्या बाजूला बसा, पुढे अकरानंतर पायरी तापते. आम्ही मागच्या बाजूला बसलो. सावली अगदी त्यांनी सांगितली तिथे होती. भोयर सर मात्र सहलीला नव्हते.

"आले का नाहीत?"

"कालच पाह्यलं ना म्या."

नियमाप्रमाणे पदविकेच्या प्रकल्पाला दोन परीक्षक लागत. माझे तास कमी भरत होते, म्हणून मला दुसरी परीक्षक नेमलं. मला फिल्ममधलं काही कळत नव्हतं, पण रिकामी जागा दिसते. हिशेब तपासणाऱ्या माणसाची ती सवयच.

भोयर सरांच्या परीक्षेत सगळ्यात अवघड भाग म्हणजे पर्यायाचा रकाना. त्याला दहा गुण. पाऊस आला तर काय, वीज गेली तर काय, ज्याची मुलाखत घ्यायची तो गावाला गेला तर काय. पोरं या रकान्याला टरकून असत. मूल्यमापनाच्या पानावर बहुतेक सगळ्यांचं वाक्य एकच: या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले. त्यावर सरांचं म्हणणं, "खूप काही नावाचा विषय आपल्या अभ्यासक्रमात नाई. काय शिकला ते सांग."

त्या वर्षी प्रणिता नावाची एक मुलगी होती, पवनारची. घरी भाजीचा मळा. तिची योजना अशी की आई पहाटे मेथी-पालक खुडते, जुड्या बांधते, पहिल्या गाडीने वर्ध्याच्या बाजारात येते, एवढ्यावरच फिल्म करायची. तोंडी परीक्षेला ती समोर बसली आणि सरांनी फेऱ्या मारत सुरुवात केली.

"एस.टी. नाई आली तं?"

"ऑटो."

"ऑटो नाई भेटला तं?"

"पायदळ. आई याच्याआधी आली हाय पायदळ."

"पाऊस आला तं?"

"भिजन सर. भाजीले काई होत नाई."

"तू बिमार पडली तं?"

"तुमी येजा."

मी खाली बघून हसले. सरांनाही उत्तर आवडलं असावं, किल्ल्या जरा जोरात वाजल्या. मग त्यांनी पान उलटलं. जागा पाहायच्या दिवशी आईनेच नकार दिला होता. कॅमेऱ्यापुढे मी येणार नाही, माझं तोंड कुणाला बघायचं आहे. हे प्रणिताने मूल्यमापनात जसंच्या तसं लिहिलं होतं. आणि पर्यायाच्या रकान्यात, 'आई नाही म्हणाली तर' याच्यापुढे लिहिलं होतं: 'दुसरी आई नाही.'

सरांनी तिथे शून्य दिलं.

ती बाहेर गेल्यावर मी भांडले. "अहो, बाकीच्यांनी खोटे पर्याय लिहिलेत, त्यांना सात आणि आठ. हिने खरं लिहिलं तर शून्य?"

"खरं असन. पण तयारी नाई. साऱ्या गोष्टी ठरल्या अन् माणूसच नाई आलं, तं काय करान?"

"मग काय भाड्याची आई आणायची?"

"आणा! त्याले कास्टिंग म्हणतेत."

त्या दहा गुणांवर प्रणिताचं पास होणं अवलंबून होतं. मी गुणपत्रकावर सही केली नाही. म्हटलं, शनिवारी बघू. हा बुधवार होता, आणि त्याच्या आदल्या रात्री जेवणाच्या वेळी माझ्या घरचा फोन वाजला होता.

भोयर सरांकडे फोन नव्हता. त्यांचा पी.पी. नंबर म्हणजे माझा. पलीकडून एक बाईचा आवाज: "काकू, मी वंदना. भोयरांची मुलगी. आर्वीले मावशीकडे आली आहे. रविवारी दुपारी येते म्हणून सांगा बाबांना. मुलीला घेऊन."

मी भिंतीवरून हाक मारून निरोप दिला. सर अंगणात पोळी खात फिरत होते, ते थांबले. मी त्यांना थांबलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अजून काय म्हणाली?"

"ठेवते म्हणाली."

वंदना या घरात कधी आली नव्हती. तिची आई लवकर गेली, सर गावोगाव फिरतीवर, मग ती आर्वीला मावशीकडे वाढली. लग्न तिथूनच झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी सरांनी मंगल कार्यालय पाहिलं, जनरेटर कुठे ठेवायचा, वऱ्हाडाची बस कुठे लावायची, उन्हात कुठल्या म्हाताऱ्यांना बसवायचं नाही, सगळं सांगितलं. सकाळी युनिटची गाडी आली. मेळघाटात एक जागा पाहून दुपारपर्यंत परततो म्हणून गेले. घाटात गाडी बंद पडली. हे पोचले तेव्हा मांडवाच्या कनाती सोडत होते. कन्यादान मावशीच्या यजमानांनी केलं. त्यानंतर वंदना चंद्रपूरला सासरी गेली ती गेलीच. हे मला त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं. एक तुकडा तर मी तलाठी झाले होते तेव्हा सांगितला.

गुरुवारी संध्याकाळी चार वाजता भिंतीवरून आवाज आला. "मॅडम, पाच मिनिटं वंदना व्हा."

मी गेले. व्हरांड्यात एक बाकडं होतं, शाळेच्या भंगारातून घेतलेलं. ते पुसून, फाटकाकडे तोंड करून ठेवलं होतं. मी बसले. "डावीकडे सरका. हां. इथं उजेड बरा येते, अन् डोळ्यात जात नाई." मग मी फाटकापासून चालत आले. मग पुन्हा चालत आले, कारण वंदना चपला कुठे काढेल ते ठरत नव्हतं. मग पोहे खाल्ले, वंदना म्हणून. शुक्रवारी परत तेच. पोहे थोडे तिखट झाले होते, तसं मी वंदना म्हणून सांगितलं.

पर्याय सगळे तयार होते. वीज गेली तर विणलेला पंखा. दूध नासलं तर लिंबाचं सरबत. नात रडली तर लाकडी पोपट, पोपटाला भ्याली तर फुगे. बोलायला काही सुचलं नाही तर पेपर, पेपरही वाचून झाला तर अंगणातलं पपईचं झाड दाखवायचं. मी बाकड्यावर बसून ऐकत होते आणि एका प्रश्नाची वाट पाहत होते. तो आला नाही. सगळ्या गावाला विचारून झालेला प्रश्न त्यांनी या वेळी विचारलाच नाही.

मीही विचारला नाही. पोहे गार होत होते.

शनिवारी गुणपत्रक पाठवायचं होतं. दुपारी मी कागद घेऊन गेले तर दाराला नुसती कडी. समोरचा पानवाला म्हणाला, सर अकराच्या गाडीने आर्वीला गेले. मला आश्चर्य वाटलं नाही. वंदना उद्या ज्या गाडीने येणार, ती कुठल्या फलाटावर लागते आणि कुठल्या खिडकीला ऊन येतं, हे बघायलाच गेले असणार. कागद घेऊन मी घरी परतले. चारच्या सुमारास अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होते तर सरांच्या फाटकापाशी एक बाई उभी. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला पर्स, फाटकाच्या सळईवर हात, पण फाटक उघडत नव्हती. मान तिरकी करून व्हरांडा पाहत होती. मान तशी तिरकी करणारा दुसरा एकच माणूस मला माहीत होता.

"वंदना ना तू?" मी भिंतीवरून विचारलं.

ती दचकली. "तुम्ही कसं ओळखलं काकू?"

"दोन दिवस मीच वंदना आहे. ये, आत ये. पण तू तर उद्या येणार होतीस."

"उद्याच येणार आहे." मग खांद्यावरची पर्स सारखी करत, "आज नुसतं पाहाले आली. घर कसं आहे, बाबा कसे आहेत. उद्या पोरीले घेऊन आली अन् मले बसवलंच नाई तं? म्हणून म्हटलं, आधी एकटीनं येऊन पाहावं."

"आणि आज बसवलं नाही तर?"

"तं उद्या तुमच्याकडे फोन केला असता. पोरीले ताप आला म्हणून."

मला हसू आवरेना.

"हसता काऊन?"

"काही नाही. बाप आर्वीच्या डेपोत तुझी उद्याची गाडी पाहायला गेलाय. बस तिथे."

तिला हसावं का काय करावं कळेना. दोघांच्या गाड्या रस्त्यात कुठेतरी एकमेकींच्या बाजूने गेल्या असणार. ती व्हरांड्यात आली. चपला काढल्या, आम्ही ठरवल्या होत्या तिथे नाही, भलतीकडेच. बाकड्यावर बसली, तेही उजव्या टोकाला, निघायच्या बेतात बसल्यासारखी. तिची नजर कोनाड्यात ठेवलेल्या लाकडी पोपटावर गेली, मग शेजारच्या फुग्यांवर. मी म्हटलं, चहा टाकते, आणि माझ्या घरात आले. लोकांच्या चुली मला सापडत नाहीत.

चहा घेऊन भिंतीशी आले तेव्हा सर कोपऱ्यावरून येत होते. नेहमीसारखे भराभर, छत्री काखेत, किल्ल्या वाजत. छत्री फाटकाला अडकवून कडी वाकून लावता लावता त्यांनी व्हरांड्याकडे एक नजर टाकली. बाकड्यावर एक बाई बसलेली. दोन दिवस त्या बाकड्यावर मीच बसत होते.

"मॅडम, गाडी पाहून आलो," ते कडीशी झटत बोलू लागले. "तीन नंबरच्या फलाटावर लागते. डावीकडची खिडकी धरली तं तिले ऊन नाई लागत, मावशीले सांगून ठेवतो तसं. अन् तुमी पुन्हा उजवीकडंच बसल्या का? डावीकडे सरका थोडं. तोंडावर उजेड नाई येऊन राह्यला."

वंदना डावीकडे सरकली.

कडी लागली. सरांनी मान वर केली. उजेड त्यांनी सांगितला होता तिथेच होता, आणि तिच्या डोळ्यात जात नव्हता.

मी भिंतीवर कप ठेवले. त्या आवाजाने ते माझ्याकडे वळले. भिंतीपलीकडे मी उभी आहे हे पाहिलं, मग परत बाकड्याकडे पाहिलं. किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या.

प्रणिताच्या गुणांचा कागद माझ्या पदराआड घडी करून खोचलेला होता, तो मी तसाच राहू दिला. सोमवारी त्यांनी तो स्वतःच मागून घेतला, शून्य खोडून दहा लिहिले, सही केली आणि कारण दिलं नाही. पण ते सोमवारचं. शनिवारी भोयर सर फाटकाशी उभे होते आणि एका जागी उभं राहायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं.

"हे तं उद्या होतं," ते मला म्हणाले, अगदी हळू.

"आज आहे."

"आता काय करतेत, मॅडम?"

"आता आत जातात, सर."

ते गेले. छत्री फाटकालाच अडकलेली राहिली. ती दुसऱ्या दिवशीही तिथेच होती.